तणनाशक उडालेली भाजी खावी का?

शेजारच्या मोकळ्या जागेत कुणीतरी तणावर औषध मारतं, वारा फिरतो, आणि चार दिवसांनी आपल्या टोमॅटोचे शेंडे पिळवटलेले दिसतात. कधी घरातलंच कुणी पंप उचलतं आणि त्यात आधी काय भरलं होतं हे न बघता त्यातून भाजीवर विद्राव्य खत फवारतं. कधी सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांमध्ये गल्लत होते. पालक पिवळा पडायला लागला की मग घरात एकच प्रश्न उरतो: हे खायचं की उपटून टाकायचं?

याचं उत्तर भाजीकडे बघून मिळत नाही, बाटलीकडे बघून मिळतं. तणनाशक हे काही एका पदार्थाचं नाव नाही. या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाची रसायनं विकली जातात. एकाचा घोट माणसाचा जीव घेतो, तर दुसऱ्याचा भाजीत उतरलेला अंश शरीराबाहेर निघूनही जातो आणि कळतही नाही. लेबलवर ब्रँडचं नाव ठळक असतं, पण आपल्याला हवा असतो तो बारीक अक्षरांतला मजकूर: सक्रिय घटकाचं नाव आणि त्याचं टक्क्यांतलं प्रमाण. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फवारणी शेजाऱ्यानं केली असेल तर शांतपणे जाऊन हे नाव विचारून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच ठरणार आहे.

पानावर पडल्यावर काय होतं

काही तणनाशकं जिथे पडतात तिथलाच भाग जाळतात. त्यांना स्पर्शजन्य म्हणतात. डायक्वाट, पॅराक्वाट, पेलार्गोनिक आम्ल, तीव्र ॲसिटिक आम्ल ही या गटातली. थेंब पडला तेवढ्याच जागी तपकिरी डाग दिसतो आणि तोही लवकर, बहुतेकदा एक-दोन दिवसांत. बाकीचं पान हिरवं राहतं.

दुसरी आंतरप्रवाही. ती पानातून आत शिरतात आणि झाडाच्या अन्नरसाबरोबर फिरतात. ग्लायफोसेट हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. ते १९७४ पासून बाजारात आहे. फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं वनस्पती स्वतः तयार करतात, आणि त्या कामातलं एक विकर (एन्झाइम) ग्लायफोसेट बंद पाडतं. माणसाच्या शरीरात हा मार्गच नाही, ही अमिनो आम्लं आपण अन्नातून घेतो. म्हणून शुद्ध ग्लायफोसेटची माणसाला होणारी तात्काळ विषबाधा तुलनेनं सौम्य असते. बाटलीत मात्र नुसतं ग्लायफोसेट नसतं. औषध पानाला चिकटावं म्हणून त्यात साबणासारखे काम करणारे पदार्थ घातलेले असतात, आणि त्यांतले काही ग्लायफोसेटपेक्षा जास्त त्रासदायक ठरतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण नेमकी तिथेच बहुतेकांची फसगत होते. पानात तयार झालेली साखर झाड जिकडे पाठवतं, तिकडेच ग्लायफोसेटही जातं: कोवळे शेंडे, मुळं, कंद, वाढणारी फळं. म्हणजे ‘गाजर तर जमिनीखाली आहे, त्याच्यावर कुठे उडालंय’ हा दिलासा खोटा आहे. बटाट्याच्या पाल्यावर औषध पडलं असेल तर खालच्या बटाट्याला झाकलेला समजू नका. त्याच्याकडे जाणारा रस्ता पानातूनच सुरू होतो.

२,४-डी हे १९४० च्या दशकातलं जुनं औषध, आणि डायकांबा त्याच कुळातलं. ही दोन्ही झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची, ऑक्सिनची, नक्कल करतात. रुंद पानांची झाडं त्यांच्या प्रभावाखाली वेडीवाकडी वाढतात, देठ पिळतात, पानं अरुंद होऊन दोरीसारखी लोंबतात. गवतवर्गीय पिकांना मात्र सहसा फारसं काही होत नाही. या गटाचा आणखी एक त्रास आहे. त्यातले काही प्रकार उन्हात वाफ होऊन उडतात. त्यामुळे फवारताना वारा पडलेला असला तरी नंतरच्या तापलेल्या दुपारी ती वाफ दूरच्या टोमॅटोपर्यंत पोचू शकते. टोमॅटो आणि द्राक्ष या गटाला फार लवकर बळी पडतात.

झाड आजारी म्हणजे भाजी विषारी, असं नाही

आपण झाडाच्या दिसण्यावरून अन्नाचा निवाडा करतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो.

टोमॅटोचं पान २,४-डीच्या इतक्या सूक्ष्म मात्रेनं वळतं, की ती मात्रा खाणाऱ्याच्या दृष्टीनं नगण्य असू शकते. झाड भयंकर दिसतं, धोका मात्र लहान असतो. याच्या उलट, कांद्याच्या पातीवर तेच औषध चांगलं सपसपून पडलं तरी ती बराच काळ ताठ उभी राहील, कारण कांदा रुंद पानांच्या गटातला नाही. तिथे झाड ठणठणीत दिसतं आणि अवशेष मात्र भरपूर असतात. ग्लायफोसेटचंही तसंच. फवारल्यावर हंगामी रोपं पिवळी पडायला साधारण चार दिवस ते आठवडा लागतो, बहुवर्षायू झाडांना त्याहून जास्त. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी तोडलेला पालक हिरवागार आणि ताजाच दिसणार. माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी याच पालकाची करायला हवी, कारण त्याच्यावर औषध सर्वांत जास्त असतं आणि संशय सर्वांत कमी.

वळलेली सगळीच पानं तणनाशकानंच वळलेली असतात असंही नाही. विषाणूरोग, कोळी कीड, तीव्र उष्णता यांनीही टोमॅटोची आणि मिरचीची पानं आखडतात. ओळखायचं असेल तर एकाच झाडाकडे बघत बसू नका, सगळ्या वाफ्याकडे बघा. तणनाशकाचा फटका एकाच वेळी अनेक प्रकारच्या झाडांना बसतो. टोमॅटो, घेवडा, शेजारची फुलझाडं, सगळ्यांवर एकाच आठवड्यात खुणा दिसतात, आणि फवारणी जिकडे झाली त्या बाजूला त्या जास्त असतात. विषाणूरोग एका जातीच्या झाडांत, इकडे एक तिकडे एक असा उगवतो आणि हळूहळू पसरत जातो.

किती म्हणजे जास्त?

विषाचा विचार मात्रेशिवाय करता येत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ एक आकडा ठरवतात: माणसानं आयुष्यभर, रोज, इतकं पोटात घेतलं तरी अपाय होऊ नये अशी मर्यादा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला कुठलाच दुष्परिणाम दिसत नाही ती घेतात, आणि तिला साधारणपणे शंभरानं भागतात. दहा पट सूट प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, आणखी दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ग्लायफोसेटसाठी ही मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.५ मिलिग्रॅम ठेवली आहे. ६० किलोच्या माणसाला ते झाले ३० मिलिग्रॅम. आता समजा फवारायच्या द्रावणात ग्लायफोसेट १ टक्का आहे. म्हणजे दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. ३ मिलिलिटर द्रावण पोटात गेलं की त्या माणसाची दिवसाची मर्यादा भरली. १५ किलोच्या मुलासाठी पाऊण मिलिलिटर पुरे.

हे ३ मिलिलिटर म्हणजे किती ते घरी बघता येतं. पालेभाजीची एक जुडी वजन करा, साध्या पाण्यात बुडवा, निथळू द्या, परत वजन करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर पाणी पानांना चिकटून राहिलं. चिंब भिजलेली जुडी कित्येक मिलिलिटर सहज धरून ठेवते. म्हणजे चुकून थेट फवारलेली पालेभाजी ही मर्यादा ओलांडू शकते. दुरून वाऱ्यानं आलेल्या तुषारांची गोष्ट वेगळी. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर पूर्ण एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम आलं, आणि तुषार त्या थेंबाहून कितीतरी बारीक असतात. तिथे आपण मर्यादेच्या बरेच आत असतो.

पण हा हिशेब ग्लायफोसेटपुरताच. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ गटानं २,४-डीसाठी हीच मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे, वरच्या आकड्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. पॅराक्वाटची ०.००५, म्हणजे शंभरावा हिस्सा. म्हणूनच नाव कळल्याशिवाय ‘थोडंसंच उडालंय’ या वाक्याला अर्थ राहत नाही.

ग्लायफोसेटनं कर्करोग होतो की नाही, हा प्रश्न इथे येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्याच वर्षी युरोपीय प्राधिकरणानं त्यापासून कर्करोगाचा धोका संभवत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे २०२३ मध्ये युरोपीय संघानं त्याची मंजुरी आणखी दहा वर्षांनी वाढवली. या मतभेदाचं एक कारण असं की दोघांपुढचे प्रश्न वेगळे होते. पहिली संस्था विचारते, हा पदार्थ कुठल्याही परिस्थितीत कर्करोग घडवू शकतो का? नियामक विचारतात, प्रत्यक्षात लोकांच्या पोटात जाणाऱ्या मात्रेनं तो घडेल का? पुरावा म्हणून कोणते अभ्यास धरायचे यावरही त्यांचं एकमत नव्हतं. हा वाद अजून शमलेला नाही. पण एखाद्या वेळी चुकून खाल्लेल्या भाजीचा प्रश्न वेगळा आहे. या वादाचा रोख वर्षानुवर्षांच्या, विशेषतः फवारणीचं काम करणाऱ्यांच्या संपर्कावर आहे.

धुऊन जातं का?

पृष्ठभागावर आहे तेवढं जातं, आत शिरलं ते जात नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हा चांगला उपाय आहे. साबण किंवा ब्लीच वापरू नका, भाजी ते शोषून घेते आणि एका रसायनाच्या जागी दुसरं पोटात जातं. खाण्याच्या सोड्याबद्दल खूप ऐकायला मिळतं. त्यामागे २०१७ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला. सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सफरचंदाच्या पृष्ठभागावरची दोन रसायनं निघून गेली होती. पण त्यातलं एक बुरशीनाशक होतं आणि दुसरं कीटकनाशक. सालीच्या आत गेलेला भाग त्या अभ्यासातही निघाला नव्हता. आंतरप्रवाही तणनाशक लागलेल्या भाजीला तो उपाय लावून निश्चिंत होणं चूक आहे.

शिजवूनही भागत नाही. ग्लायफोसेट पाण्याच्या उकळीला नष्ट होत नाही. फार तर त्यातलं काही रश्शात उतरेल, आणि रस्सा आपण पितो.

फवारणी आत्ता, काही मिनिटांपूर्वी झाली असेल तर मात्र पाणी खरंच उपयोगी पडतं. हातमोजे घालून ओली पानं कापून काढा आणि उरलेल्या रोपावर भरपूर स्वच्छ पाणी मारा. औषध पानात शिरायला वेळ लागतो, काही उत्पादनांना अर्धा तास, काहींना सहा तास. ग्लायफोसेट मातीत उतरलं तर मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं आणि मुळांतून फारसं वर येत नाही, म्हणून ते धुऊन खाली गेलेलं चालतं. ॲट्राझिनसारखं मुळांतून शोषलं जाणारं तणनाशक असेल तर पाणी मारू नका, तुम्ही ते मुळांपर्यंत पोचवाल.

ठेवायचं की टाकायचं

ज्या पिकावर औषध वापरायला परवानगी असते, त्या पिकासाठी लेबलवर प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो: फवारणी आणि काढणी यांत किमान इतके दिवस जाऊ द्या. अपघातात घोळ असा होतो, की आपली भाजी त्या लेबलवर बहुधा नसते. आणि जे पीक लेबलवर नाही, त्यासाठी किती दिवस थांबायचं हे कुणी मोजून ठरवलेलंच नसतं. ‘पंधरा दिवस थांबा, मग खा’ असं सांगणारा माणूस तो आकडा अंदाजानं देत असतो. दुसऱ्या पिकाचा कालावधी आपल्या पालकाला लावू नका.

म्हणून मी असं सांगेन. थेट फवारलं गेलं असेल तर पालेभाजी, त्या वेळी झाडावर असलेली फळं आणि शेंगा, आणि आंतरप्रवाही औषध असेल तर कंदमुळंही खाऊ नयेत. हंगामी रोपं उपटावीत आणि नव्यानं पेरावं. बहुवर्षायू झाडं ठेवावीत, पण त्या हंगामाचं फळ सोडून द्यावं. औषधाचं नाव कळत नसेल तरीही हेच. लांबून हलके तुषार आले असतील, औषध ग्लायफोसेट असेल आणि एखाद्याच पानावर खूण असेल, तर धोका लहान आहे. तरी वाफ्याची ती कड सोडून द्यायला मला काहीच हरकत वाटत नाही. लहान मुलं आणि गरोदर स्त्री यांच्या ताटात ती भाजी वाढू नये. पॅराक्वाटचा संशय असेल तर एक पानही ठेवू नका.

प्रयोगशाळेत तपासून घ्यावं असं वाटणं साहजिक आहे, पण मग आधी विचारा: या चाचणीत कोणती रसायनं येतात? एकाच वेळी शेकडो कीटकनाशकं शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ग्लायफोसेट सहसा सापडत नाही. ते पाण्यात इतकं विरघळतं की त्यासाठी वेगळी पद्धत लागते. नाव न सांगता नमुना दिला, ‘अवशेष आढळले नाहीत’ असा अहवाल आला, आणि आपण ते शोधलंच नव्हतं, असं होऊ शकतं.

आणि भाजी आधीच खाल्ली असेल तर? ग्लायफोसेटचे तुषार उडालेल्या भाजीचं एक जेवण झालं असेल तर घाबरून जाऊ नका. वरची मर्यादा आयुष्यभराच्या रोजच्या खाण्यासाठी आहे, एक दिवस ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं नाही. मात्र तोंडात जळजळ, उलट्या, पोटदुखी असं काही झालं, किंवा द्रावण थेट प्यायलं गेलं, तर बाटली किंवा लेबलचा फोटो घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. घरी उलटी करवू नका. पॅराक्वाट पोटात गेल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही. त्याला उतारा नाही, सुरुवातीला माणूस बरा वाटतो, आणि फुप्फुसांची हानी नंतरच्या दिवसांत होत जाते. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवणं ही सवय जिथे असेल तिथे ती आजच मोडावी, आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा. २,४-डी पंपातून पूर्ण धुऊन निघणं अवघड असतं, तळाशी उरलेला अंशही पुढच्या फवारणीत टोमॅटोला पुरतो.

खतातून येणारं तणनाशक

कुणी काहीच फवारलं नाही, तरीही घेवड्याची पानं वाटीसारखी आत वळली आणि बटाट्याचे शेंडे मुठीसारखे मिटले, तर खताकडे बघा. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड आणि पिक्लोरॅम ही तणनाशकं चराऊ कुरणांवर वापरली जातात. ते गवत जनावर खातं, पण औषध पचत नाही, शेणामुतातून जवळजवळ तसंच बाहेर पडतं. खताच्या ढिगात ते फार हळू विघटित होतं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये भाजीचे कितीतरी वाफे याच कारणानं गेले, आणि तिथे अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली. शेतकऱ्यानं विश्वासानं दिलेलं आणि घेणाऱ्यानं विश्वासानं घातलेलं चांगलं कुजलेलं शेणखत होतं ते. पेंढ्याचं आच्छादन आणि कापलेलं हिरवळीचं गवत यांतूनही हेच येऊ शकतं.

असं खत पडलं असेल तर ती माती वारंवार हलवत राहा. हवा खेळत्या मातीत जिवाणू हे रसायन हळूहळू मोडतात. तोवर तिथे मका किंवा इतर गवतवर्गीय पीक घ्यावं. बाधित रोपं कंपोस्टमध्ये टाकू नयेत, नाहीतर तेच पुन्हा फिरून येईल.

नवं खत वाफ्यात घालण्याआधी तपासायला घेवड्याचं बी पुरतं. काही कुंड्यांत ते खत खात्रीच्या मातीत मिसळून भरा, काहींत नुसती तीच माती. प्रत्येकीत तीन-चार बिया लावा, आणि खताच्या कुंडीतून झिरपलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका. तीन ते चार आठवडे पानांकडे बघा. दोन्हींकडे खरी पानं सपाट आणि सारखी वाढली तर खत वापरा. खताच्या कुंड्यांतच पानं आत वळली, देठ जाड होऊन पिळला, शेंडा थांबला, तर ते खत भाजीला घालू नका. ज्यानं दिलं त्यालाही सांगा, म्हणजे त्याच ढिगातलं खत घेणारी इतर घरं वाचतील.